ज्याच्यावर आत्मा स्थिरावला

प्रभुप्रकटीकरणाच्या सणानंतरच्या रविवारी येशूच्या बाप्तिस्म्याचा उतारा वाचला जातो. यंदा नाशिकमधल्या आमच्या घरसभेतही त्याच आठवड्यात तोच उतारा घेतला होता. वाचन संपले, प्रार्थना झाली, चहा आला, आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने मला विचारले, “काका, येशू जन्मापासूनच देवाचा पुत्र होता आणि त्याचा गर्भवासही पवित्र आत्म्याने झाला, असे आपण मतांगिकारात म्हणतो, मग तिसाव्या वर्षी यार्देनेच्या काठावर त्याच्यावर पुन्हा आत्मा उतरण्याचे कारण काय?” कोणीतरी लगेच म्हणाले, “आपल्याला कित्ता घालून देण्यासाठी.” हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. येशूने आत्मा स्वीकारण्याचा केवळ नमुना दाखवला, त्याला स्वतःला त्याचे काहीच नव्हते, असे म्हटले तर बाप्तिस्म्याचा तो प्रसंग नाटक ठरतो, आणि शुभवर्तमानकारांना नाटक सांगायचे नव्हते.

या प्रश्नाचे मूळ यार्देनेच्या बरेच मागे, यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायात आहे. इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल, त्याच्या मुळांतून निघालेली शाखा फळ देईल, आणि सुज्ञतेचा व बुद्धीचा, सुमंत्रणेचा व सामर्थ्याचा, ज्ञानाचा व परमेश्वराच्या भयाचा आत्मा त्याच्यावर राहील, असे तिथे म्हटले आहे. नाशिककराला हे चित्र फोड करून सांगावे लागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर दिंडोरीच्या किंवा निफाडच्या द्राक्षबागेत गेले की तारांवर उघडेबोडके ओलांडे, म्हणजे वेलींच्या जाड फांद्या, तेवढे उरलेले दिसतात, खाली कापलेल्या काड्यांचा खच पडलेला असतो, आणि नवख्या माणसाला बाग मेली असेच वाटते. मग भर उन्हात काळपट सालीतून डोळे फुगतात, पोंगा सुटतो. फरक एवढाच की, बागाईतदार फुटव्याच्या भरवशावरच कात्री चालवतो, आणि यशयाच्या चित्रातला वृक्ष मात्र मुळाजवळ तोडलेला आहे. त्याच्या आधीच्याच ओळींत फांद्या छाटल्या जाण्याचे आणि उंच झाडे कोसळण्याचे वर्णन आहे. शिवाय संदेष्टा दाविदाचा बुंधा म्हणत नाही, दाविदाच्या बापाचा, इशाय या बेथलेहेमातल्या साध्या गृहस्थाचा म्हणतो. राजघराणे पुन्हा आपल्या मूळच्या साध्या घरापर्यंत खाली आले आहे, सिंहासनाची मिजास संपली आहे, आणि तिथून निघणाऱ्या अंकुराकडे स्वतःचे बळ म्हणावे असे काही नाही. त्याच्याकडे जे काही असेल ते आत्म्याचे असेल.

जुन्या करारात आत्म्याने सामर्थ्य मिळालेली माणसे पुष्कळ आहेत, पण त्यांच्या कथा वाचताना एक अस्वस्थता राहतेच. शास्त्यांच्या, म्हणजे राजांपूर्वीच्या पुढाऱ्यांच्या, काळात आत्मा अथनिएलावर येतो, गिदोनावर येतो, इफ्ताहावर येतो, शमशोनावर तर झडप घालावी तसा येतो; काम होते आणि माणूस पुन्हा होता तिथेच राहतो, कधीकधी आधीपेक्षा वाईटही होतो. इस्राएलाचा पहिला राजा शौल याला शमुवेल संदेष्ट्याने तेलाचा अभिषेक केला, त्याच्यावर आत्मा आला, तो संदेष्ट्यांच्या मेळ्यात भाषण करू लागला आणि लोक आश्चर्याने विचारू लागले की, शौलही संदेष्ट्यांपैकी आहे काय. पुढे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात लागोपाठच्या दोन वचनांत दोन गोष्टी घडतात: शमुवेल तेलाचे शिंग घेऊन दाविदाला त्याच्या भावांसमक्ष अभिषेक करतो व त्या दिवसापासून परमेश्वराचा आत्मा दाविदावर येतो, आणि शौलाला सोडून जातो. एक्कावन्नाव्या स्तोत्रात दाविदाच्या तोंडी जी विनवणी आहे, की तुझा पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नकोस, ती या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिचा थरकाप कळतो. त्याने शौलाचे काय झाले ते डोळ्यांनी पाहिले होते, आणि शौलाच्या मनाला शांती मिळावी म्हणून त्याच्यासमोर वीणा वाजवण्याचे काम त्यानेच केले होते.

म्हणून यशयाच्या वाक्यात माझ्या मते सगळा भार ‘राहील’ या क्रियापदावर आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची साक्षही तिथेच येऊन थांबते. आत्मा कबुतरासारखा आकाशातून उतरताना मी पाहिला आणि तो त्याच्यावर स्थिर राहिला, असे तो चौथ्या शुभवर्तमानात सांगतो. आणि ज्याच्यावर आत्मा उतरून स्थिरावलेला दिसेल तोच पवित्र आत्म्याने बाप्तिस्मा करणारा, ही खूण आपल्याला आधी सांगण्यात आली होती, असेही तो म्हणतो. आत्मा येणे ही इस्राएलात नवी गोष्ट नव्हती. तो एका माणसावर उतरला आणि पुन्हा गेला नाही, ही नवी गोष्ट होती.

आमच्या घरसभेतला प्रश्न जवळजवळ तसाच्या तसा दुसऱ्या शतकात विचारला गेलेला आहे. जस्टिन हा पॅलेस्टाइनमध्ये जन्मलेला, तत्त्वज्ञांच्या दारोदार फिरून ख्रिस्ताकडे आलेला माणूस; पुढे रोममध्ये तो हुतात्मा झाला. त्रिफो नावाच्या यहुदी गृहस्थाशी झालेला त्याचा संवाद त्याने लिहून ठेवला आहे. त्यात त्रिफो नेमका यशयाचा अकरावा अध्याय काढतो आणि विचारतो की, तुमचा ख्रिस्त आधीपासून देव असेल, तर त्याच्यात जणू उणीव असावी तशा या आत्म्याच्या शक्ती त्याला भरून का द्याव्या लागल्या? प्रश्न बिनतोड आहे, आणि जस्टिन तो टाळत नाही, ही गोष्ट मला त्याच्या उत्तराइतकीच आवडते. त्याचे उत्तर असे: त्याला उणीव होती म्हणून त्या शक्ती आल्या नाहीत, त्या त्याच्या ठायी विसाव्याला आल्या. तोवरच्या संदेष्ट्यांना एखाद-दुसरी देणगी मिळत असे. शलमोनाला सुज्ञतेचा आत्मा होता, दानिएलाला बुद्धीचा व सुमंत्रणेचा, मोशेला सामर्थ्याचा व भक्तीचा, एलीयाला भयाचा, यशयाला ज्ञानाचा. वाटून दिलेले ते सगळे एका ठिकाणी येऊन थांबले आणि मग त्याच्याकडून पुन्हा वाटले गेले. आज आमच्यात देवाच्या आत्म्याची दाने असलेल्या स्त्रिया आणि पुरुष तुम्हाला पाहायला मिळतील, असे तो त्रिफोला सांगतो. स्त्रियांचा उल्लेख तो सहज करून जातो, आणि आपल्या कित्येक मंडळ्यांमध्ये व्यासपीठावर कोण उभे राहावे यावरून अजूनही जी वादावादी चालते, ती पाहता हा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो.

या प्रश्नाला सोपी उत्तरे देणारेही त्याच काळात होते. करिंथस नावाच्या शिक्षकाचे म्हणणे असे की, येशू हा इतरांसारखाच एक माणूस, त्याच्यावर बाप्तिस्म्याच्या वेळी वरून ख्रिस्त उतरला आणि वधस्तंभाच्या आधी निघून गेला, म्हणजे दुःख सोसले ते माणसाने. बायझँटियमहून रोमला आलेला थिओडोटस, हा कातड्याचा व्यवसाय करणारा गृहस्थ, येशूला निव्वळ माणूस ठरवू लागला आणि दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बिशप व्हिक्टरने त्याला मंडळीबाहेर काढले. या मतांत प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, पण त्याची किंमत भारी आहे. आत्मा संकटाच्या वेळी निघून जाणार असेल, तर येशू हा दुसरा शौलच झाला.

लियोंचा बिशप आयरेनियस याने करिंथसासारख्यांना दिलेले उत्तर मला आजवर वाचलेल्या उत्तरांत सर्वांत खोल वाटते. ख्रिस्त म्हटले की त्या एका नावात अभिषेक करणारा पिता, अभिषिक्त झालेला पुत्र आणि ज्याने अभिषेक झाला तो आत्मा, असे तिघेही येतात, हे त्याचे एक म्हणणे. पण खरी गंमत दुसऱ्या म्हणण्यात आहे. देवाचा पुत्र मनुष्याचा पुत्र झाला, आणि त्याच्यावर आत्मा उतरला तो अशासाठी की, त्याच्या संगतीत आत्म्याला मानवजातीत वस्ती करण्याची सवय व्हावी. ‘सवय’ हा शब्द देवाच्या आत्म्याविषयी वापरण्याचे धाडस आयरेनियसनेच करावे. पण त्याला म्हणायचे आहे ते उघड आहे: पुत्राला स्वतःसाठी आत्म्याची वाण नव्हती, त्याने धारण केलेल्या आपल्या मनुष्यपणाला होती. लूक सांगतो त्याप्रमाणे तो ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला, त्याला भूक लागली, तो थकून विहिरीपाशी बसला, तो रडला. आणि तसा पूर्ण माणूस असताना तो जे जे बोलला व करत गेला ते पित्यावर विसंबून, आत्म्याच्या बळावर केले.

इथे एक जुना ताण आहे. पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या सिरिलने बजावून ठेवले की, ख्रिस्ताने आत्म्याचे सामर्थ्य परक्याकडून उसने घेतल्यासारखे वापरले असे कोणी म्हणू नये, कारण तो आत्मा त्याचा स्वतःचाच आहे. उलट सतराव्या शतकातला इंग्लिश प्युरिटन जॉन ओवेन म्हणतो की, पुत्राने मनुष्यस्वभाव धारण केला हे पुत्राचे स्वतःचे प्रत्यक्ष कार्य, आणि त्यानंतर त्या मनुष्यस्वभावात जे जे घडले ते आत्म्याद्वारे घडले. मला दोघांचेही म्हणणे हवे आहे, पण आपल्या मंडळ्यांमध्ये सिरिलची बाजू लहानपणापासून पाठ झालेली असते आणि ओवेनची कानांवरही आलेली नसते. येशूने आजारी बरे केले, वादळ शांत केले, ते का? तो देव होता म्हणून, असे आपण रविवारच्या शाळेत शिकतो. येशू स्वतः मात्र मत्तयाच्या बाराव्या अध्यायात वेगळेच सांगतो. मी देवाच्या आत्म्याच्या साहाय्याने भुते काढतो, तर देवाचे राज्य तुमच्यावर आले आहे, असे तो म्हणतो. लुकाने तेच वाक्य ‘देवाच्या बोटाने’ असे दिले आहे. पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाचा जो कडक इशारा आहे, ज्याने कित्येक भोळ्या विश्वासणाऱ्यांची झोप उडवली आहे, तो याच संभाषणात येतो, आणि तो दिला आहे तो डोळ्यांसमोर सुटका होत असताना तिला सैतानाचे काम म्हणणाऱ्यांना.

बाप्तिस्म्यानंतर आत्म्याने येशूला सर्वांत आधी कुठे नेले, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि त्याचा विचार फारसा कोणी करत नाही. त्याने त्याला अरण्यात नेले. मत्तय व लूक नेण्याची भाषा करतात, पण मार्क म्हणतो की आत्म्याने त्याला तत्काळ अरण्यात घालवले, जवळजवळ हाकलले. सामर्थ्य मिळाल्यावर चाळीस दिवस उपास, आणि मग सामर्थ्य वापरून दाखवण्याच्या सूचना: धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक. सैतानाच्या तिन्ही मोहांना येशूने दिलेले उत्तर ‘अनुवाद’ या मोशेच्या पाचव्या पुस्तकातल्या वचनांचे आहे, म्हणजे कोणत्याही धार्मिक यहुद्याला जे तोंडपाठ असे त्यातलेच. आत्म्याने भरलेल्या माणसाने केलेले पहिले काम हे की, त्याने चमत्कार केला नाही.

हे लिहिताना आपल्या शहरात भिंतींवर आणि रिक्षांच्या मागे लागणारे सभांचे फलक डोळ्यांपुढून जात नाहीत असे नाही. ‘अभिषेकाची रात्र’, ‘दुप्पट अभिषेक’, मंचावर धूर आणि दिवे, दारात बाटल्यांतून विकले जाणारे तेल. प्रार्थनेने बरे झालेल्या माणसांना मी हसणार नाही. माझ्या घरातही अशी साक्ष देणारी माणसे आहेत. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी हे याकोबाच्या पत्रात आहेच. माझी तक्रार इतकीच आहे की, तिथे अभिषेक वक्त्याचा असतो, आणि तो किती मोठा आहे हे गर्दीवरून मोजले जाते. मत्तयाने त्याच बाराव्या अध्यायात यशयाचे बेचाळिसाव्या अध्यायातले शब्द उद्धृत केले आहेत: मी आपला आत्मा त्याच्यावर घालीन; तो भांडणार नाही, ओरडणार नाही, रस्त्यांवर त्याची वाणी कोणाला ऐकू येणार नाही; चेपलेला बोरू तो मोडणार नाही आणि मिणमिणती वात विझवणार नाही. अभिषिक्ताची ही ओळख ध्वनिक्षेपकावर सांगणे जरा अवघडच आहे.

अरण्यातून येशू आत्म्याच्या सामर्थ्याने गालीलात परतला आणि आपल्या गावी, नासरेथाच्या सभास्थानात, शब्बाथ दिवशी वाचायला उभा राहिला. त्याला यशयाचा ग्रंथ देण्यात आला. प्रभूचा आत्मा माझ्यावर आला आहे, कारण दीनांना सुवार्ता सांगण्यास त्याने मला अभिषेक केला आहे, धरून नेलेल्यांची सुटका, आंधळ्यांना दृष्टी. मधे अठ्ठावन्नाव्या अध्यायातले, ठेचल्या गेलेल्यांना मोकळे करण्याचे शब्द. आणि परमेश्वराच्या प्रसादाच्या वर्षापाशी तो थांबला. मूळ ग्रंथात पुढे लगेच सूड घेण्याचा दिवस आहे. तो त्याने वाचला नाही, ग्रंथ गुंडाळून सेवकाला दिला आणि खाली बसला. लोक आधी खूश झाले. एलीयाला जिच्याकडे पाठवले ती सारफथची विधवा सीदोन प्रांतातली होती आणि अलीशाच्या काळी बरा झालेला नामान अरामी होता, म्हणजे दोघेही परके, ही आठवण त्याने करून देताच तेच लोक त्याला डोंगराच्या कड्यावरून ढकलून द्यायला निघाले. अभिषेक आपल्यातल्या माणसाला झाला आहे याचा त्यांना आनंद होता. तो आपल्यापुरता नाही हे त्यांना सोसले नाही.

धरून नेलेल्यांची सुटका हे शब्द नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला नुसते अलंकारिक वाटू नयेत, असे मला वाटते. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे वसवलेल्या शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीत, हिंदी महासागरातल्या गुलामांच्या गलबतांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुले आणून ठेवली जात, त्यांना लिहायला-वाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट मिशनरी व प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठी आफ्रिकेत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा त्याचे हृदय झाडाखाली पुरताना दफनाची प्रार्थना त्यानेच वाचली आणि झाडावर लेख कोरला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला तो उपस्थित होता. पुढे शरणपूरच्या आफ्रिकींपैकी बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउन या मुक्त गुलामांच्या वसाहतीत गेले. मिशनचे सगळेच काम निर्मळ होते असे मी म्हणणार नाही. त्या मुलांची नावे बदलली गेली, त्यांची भाषा गेली, आणि कोठे राहायचे हे त्यांना फारसे कोणी विचारले नाही. तरीही नासरेथात वाचलेल्या त्या ओळींचा अक्षरशः अर्थ घेऊन कोणीतरी आपल्या गावात काम केले होते, आणि शरणपूर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक आहे?

वधस्तंभाच्या बाबतीत नवा करार आत्म्याविषयी थोडेच बोलतो. इब्री लोकांस पत्रात एक वाक्य आहे की, ख्रिस्ताने सनातन आत्म्याच्या द्वारे स्वतःला निष्कलंक असे देवाला अर्पण केले. करिंथसला हेच वाक्य पुरेसे उत्तर आहे. आत्मा तिथून निघून गेला नाही. अर्पण त्याच्याच योगे झाले. आणि रोमकरांस पत्रात पौल येशूच्या उठवले जाण्याचा संबंधही आत्म्याशी जोडतो, व ज्याने त्याला उठवले त्याचा आत्मा तुमच्यात राहतो, तर तो तुमच्या मर्त्य शरीरांनाही जिवंत करील, असे सांगतो.

यरुशलेमेत पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, पेत्राने केलेल्या भाषणात हे सगळे एका वाक्यात येते: देवाच्या उजव्या हाताला बसवला गेल्यावर त्याने पित्यापासून पवित्र आत्म्याचे वचन प्राप्त करून घेतले आणि तुम्ही जे पाहता व ऐकता ते ओतले. घेणारा आता देणारा झाला आहे. दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वेळी बिशप डोक्यावर हात ठेवण्यापूर्वी जी जुनी प्रार्थना करतात, तिच्यात सुज्ञतेचा व बुद्धीचा, सुमंत्रणेचा व सामर्थ्याचा आत्मा मागितलेला असतो. ती यशयाच्या अकराव्या अध्यायातलीच यादी आहे, त्या बुंध्याच्या धुमाऱ्यासाठी सांगितलेली, आणि ती दहावीतल्या मुलामुलींच्या डोक्यांवर म्हटली जाते.

ही ओतणी कुठवर पोचावी हे मात्र शिष्यांच्या हाती राहिले नाही. पेत्र कैसरियात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी गेला तो आत्म्याने सांगितल्यावरच. परजातीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, उंबरठ्याच्या आत जाणे आपल्याला मना आहे हे त्याने आत शिरताच बोलूनही दाखवले. तिथे त्याने सांगितले की, नासरेथकर येशूला देवाने पवित्र आत्म्याचा व सामर्थ्याचा अभिषेक केला, आणि तो सत्कर्मे करीत व सैतानाने गांजलेल्यांना बरे करीत फिरला, कारण देव त्याच्याबरोबर होता. येशूच्या अभिषेकाचे इतके नेमके वर्णन नव्या करारात दुसरीकडे नाही, आणि ते एका परक्या सैनिकाच्या घरात केले गेले. पेत्र बोलतच होता तोच ऐकणाऱ्या सर्वांवर आत्मा उतरला. त्याच्याबरोबर आलेले सुंता झालेले विश्वासणारे थक्क झाले, भाषण तिथेच तुटले, आणि यांना पाण्याचा बाप्तिस्मा द्यायला आता कोण मनाई करील, एवढे विचारणेच काय ते पेत्राकडे उरले.